गिरमिट

बिरूच्या आईनं विचारलं, पोराच्या रक्तात काय कमी हाय?
मी म्हणाले, भोक.
आणि मग मलाच कळेना, हे काय बोलून बसले.

उमदीहून मिरजेला, जत ओलांडून,
एसटीत मांडीवर तापलेलं अकरा महिन्यांचं पोर.
सोळा दिवस ताप हटत नाही.
पाणथरी बेंबीपर्यंत आलेली.
फेरिटिन इतकं, की यंत्रानं
आकड्याऐवजी नुसता वर जाणारा बाण छापला.
नमुना पातळ करून पुन्हा लावला. पुन्हा बाणच.
हाडातल्या मगजाची काचपट्टी पाहिली,
तर झाडलोट करणाऱ्या पेशींच्या पोटात
अख्ख्या तांबड्या पेशी, न चावता गिळलेल्या.
चार दिवसांनी पुण्याहून कागद आला:
परफोरिन, जवळजवळ नाही.

कस्तुराबाई, तुम्हाला कसं सांगू.
आमच्या घरी सांगणं सोपं जातं.
आम्ही शिकलगार. पणजोबांचे पणजोबा
तलवारींना धार लावायचे. लढाया संपल्या,
तेव्हा त्याच हातांनी भोपळा कापून तंबोरा केला.
सतारमेकर गल्लीत अब्बा अजून बसतात,
पायात दांडी धरून, खुंटीसाठी गिरमिट फिरवत.
म्हणतात, फोडायला जोर पुरतो,
भोकाला कान लागतो.

रक्तात एक पेशी असते, गस्त घालणारी.
दारोदार जाते, प्रत्येकीला चाचपते,
अब्बा भोपळ्याला टिचकी मारून ऐकतात तशी.
आतून बिघडलेलीचा आवाज वेगळा येतो.
मग ही तिला बिलगते. लांबून बघणारा
म्हणेल, बहिणी भेटल्या.
पोटातल्या थैल्या सरकत सरकत त्या अंगाला येतात
आणि दोघींमधल्या एवढ्याशा फटीत उघडतात.
परफोरिनचे कण एकाला एक लागून
गोल धरतात, वीस-बावीस जण,
आणि तो गोल समोरच्या भिंतीत रुततो.
आता तिथं दार आहे, चौकटीसकट.
त्यातून आत जातात दुसरे कामगार.
ते आतल्या आत आवराआवर करतात,
दोऱ्या कापतात, सामानाची लहान लहान गाठोडी बांधतात.
शेजारच्या घराला ठिणगी लागत नाही.

मारणारीच्या स्वतःच्या भिंतीला भोक पडत नाही.
अब्बांना हे सांगितलं, तर त्यांनी
डाव्या अंगठ्यावरचा जुना वण पुढं केला.
म्हणाले, तिचा उस्ताद चांगला असणार.

आणि एक गोष्ट, पुस्तकात एकाच ओळीत होती,
मी रात्रपाळीत तिच्यावर अडून बसले:
समोरची मेली, की ही हात सोडते.
झालं. पुढचं दार.

बिरूच्या पेशींना गल्ली ठाऊक, पत्ता ठाऊक.
टिचकी मारतात, ओळखतात, बिलगतात.
थैल्या उघडतात. थैल्यांत काही नाही.
समोरची मरत नाही, म्हणून हिला सोडता येत नाही.
तशीच धरून ओरडत राहते,
ओरडा ऐकून आणखी येतात, त्याही ओरडतात,
सगळं गाव काठ्या घेऊन उठतं
आणि अंधारात घरच्यांनाच झोडपत सुटतं.
हा ताप तो, बाई.
जंतू कधीचाच बाजूला पडलाय.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली,
म्हंजी ह्याला मारायला येत न्हाई.
हो.
म्हनून चाललाय.
मी नळ्यांवर नावं लिहीत राहिले.

थोरल्या बहिणीचं रक्त घेतलं, सात वर्षांची मायाक्का.
सुई बघून रडली नाही. विचारलं, भोक बुजतं का?
बुजतं. कापूस दाबून धर.
मगज जुळतो का, ते कळायला दोन आठवडे.

घरी आले तर अब्बा दिवा जवळ ओढून बसलेले.
गिरमिट थांबलं. फुंकर मारली, भुसा उडाला.
दांडी डोळ्याला लावून
खुंटीच्या भोकातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
जेवलीस का, म्हणाले.